दगडच बघायचे तर शिवनेरी काय वाईट?

प्रश्न : माझी आत्या जुलैमध्ये आमच्याकडे बाझलला येतेय. वय 69. जुन्नरला शाळेत इतिहास शिकवायची, आता निवृत्त आहे. शिवजयंतीला अजून शिवनेरी चढते, पण उतरताना गुडघे कुरकुरतात. बर्फाचे डोंगर दाखवून झाले की जिनिव्हा सरोवराकाठचा शियोंचा किल्ला दाखवावा असं माझ्या मनात आहे. नवरा म्हणतो, "त्यांना कशाला किल्ला? अर्धा सह्याद्री पायाखाली घातलाय त्यांनी." आत्याला फोटो पाठवला तर तिचं उत्तर आलं, "छान आहे गं, पण दगडच बघायचे तर शिवनेरी काय वाईट? आणि हा किल्ला आहे का वाडा?" न्यावं का? चढउतार किती? त्याच आठवड्यात संकष्टी आहे, आणि उपास ती मोडणार नाही. – एक भाची, बाझल

उत्तर : न्या. आणि नेण्याचं कारण तुमच्या आत्यांनीच लिहून पाठवलंय : किल्ला आहे का वाडा? ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांच्यासाठीच शियों आहे. बाकीची मंडळी पुलावर फोटो काढतात, चॉकलेट घेतात आणि पुढच्या बसला पळतात.

मी व्हवेला राहते, शियोंपासून थोड्याच अंतरावर. त्यामुळे उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुण्यांचा राबता असतो आणि किल्ला दाखवण्याचं काम माझ्याकडे. सगळ्यात अवघड पाहुणे म्हणजे माझे चुलतसासरे. मुरूडचे, आयुष्य जंजिऱ्यासमोर गेलेलं. पुलावर उभे राहून त्यांनी एकच शब्द काढला, "एवढाच?" बरोबरच होतं त्यांचं. जंजिरा 22 एकरांवर पसरलाय. शियोंचा खडक लांबीला साधारण शंभर मीटर आणि रुंदीला त्याच्या निम्मा. आकाराच्या शर्यतीत हा किल्ला उतरवूच नका, हरेल. तुमच्या आत्याही पहिल्या पाच मिनिटांत हेच म्हणतील. म्हणू द्या.

मग एक करा. तिकिटाच्या खिडकीकडे न जाता त्यांना पुलाजवळ उभं करा आणि किल्ल्याकडे पाठ करून डोंगराकडे बघायला सांगा. कडा जवळजवळ पाण्यात उतरलाय. कडा आणि सरोवर यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी उरली तिच्यात सगळं कोंबलंय : रस्ता, 1861 पासूनचा लोहमार्ग, आणि जागाच उरली नाही म्हणून डोंगराच्या कुशीत खांबांवर चढवलेला महामार्ग, तो 1969 चा. आज जी अडचण रस्ता बांधणाऱ्या अभियंत्यांना झाली तीच मध्ययुगात व्यापाऱ्यांना होती. इटलीतून आल्प्स ओलांडायचा तर 2469 मीटर उंचीची ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड चढायची, पलीकडे ऱ्होन नदीच्या खोऱ्यात उतरायचं आणि सरोवराच्या या टोकाला येऊन याच पट्टीतून पुढे सरकायचं. दुसरी सोयीची वाट नाही. पट्टीला लागून पाण्यात एक खडक. त्यावर ज्याचे शिपाई, त्याच्या हातात सगळा रस्ता.

जुन्नरच्या बाईंना याहून जास्त सांगावं लागणार नाही. त्यांच्या घरापासून काही कोसांवर नाणेघाट आहे. घाटमाथ्यावरचा तो दगडी रांजण जकातीचा म्हणून त्यांनी पोरांच्या कितीतरी वर्गांना दाखवला असेल. शियों म्हणजे रांजणावर पहारा ठेवणारा नाणेघाट. खुद्द जकात शेजारच्या व्हिलनव्ह गावात घेत. सावॉय म्हणजे तेव्हा या मुलखावर राज्य करणारं घराणं; त्याच्या काउंटने 1214 मध्ये ते गाव मुद्दाम त्यासाठीच वसवलं. दोन्ही ठिकाणं एका दमात समजतात. आमच्या मुरूडकरांचाही चेहरा इथेच बदलला. "म्हणजे नाका आहे हा!" म्हणाले, आणि मग आत जायची घाई त्यांनाच.

आता किल्ला का वाडा. उत्तर भिंतींवर लिहिलेलं आहे, फक्त दोन्ही बाजू बघायला हव्यात. रस्त्याच्या बाजूला गोलसर बुरूज, अरुंद जंग्या (बाण मारायच्या फटी), आणि तटाच्या माथ्यावर पुढे काढलेले सज्जे, ज्यांच्या तळाला भोकं आहेत. खाली आलेल्या शत्रूवर वरून दगड टाकायची ती सोय. या बाजूला हवेशीर असं काही नाही. मग सरोवराकडून बघा : मोठाल्या कमानदार खिडक्या, मागे दरबारी दालनं, काउंटची खोली, देवघर. तिकडून कोण येणार? पाणी खोल, खडक सरळ खाली गेलेला, आणि सरोवरात सावॉयच्याच नावा. रस्त्याकडे तोंड करून किल्ला, पाण्याकडे तोंड करून वाडा. ही मांडणी बरीचशी तेराव्या शतकातली, पीटर दुसरा या सावॉयच्या काउंटच्या काळातली. हा पीटर इंग्लंडच्या राजाच्या नात्यातला. लंडनमध्ये त्याला जमीन मिळाली होती, आणि तिथल्या सावॉय हॉटेलचं नाव त्या घराण्यावरूनच आलंय. (हे सांगितलं की पाहुण्यांना उगाचच बरं वाटतं, मी बघितलंय.)

मुरूडकरांनी आत शिरताच विचारलं, "तोफा कुठायत?" जंजिऱ्यावरची कलालबांगडी तोफ बघत वाढलेल्या माणसाचा प्रश्न. तुमच्या आत्याही विचारतील. मुळातला किल्ला तोफांच्या आधीचा आहे. इथे जी लढाई मनात धरली होती ती धनुष्याची, दगडाची आणि वेढ्याची. तोफा घेऊन जे खरंच चालून आले ते 1536 मध्ये बर्नचे लोक, आणि त्यांच्यापुढे किल्ला फार दिवस टिकला नाही. सावॉयची शिबंदी सरोवरातून निसटली. पुढे 1798 पर्यंत बर्नचे सुभेदार हा मुलूख सांभाळत होते. एका दालनाच्या भिंतींवर त्यांच्या घराण्यांची चिन्हं ओळीने रंगवलेली आहेत. तिथे फार रेंगाळू नका, एकासारखी एक.

रेंगाळायचं ते तळघरात. खडकावरच उभारलेली, कमानींवर कमानी असलेली ही जागा एखाद्या चर्चसारखी दिसते आणि वापर मात्र गोदामाचा नि तुरुंगाचा. पश्चिमेकडच्या झरोक्यांतून दुपारनंतर उन्हाची तिरीप येते, पाण्यावरून उसळून छतावर हलत राहते. म्हणून दुपारी या. सकाळी ही जागा नुसती काळोखी असते. इथेच फ्रांस्वा बोनिव्हार खांबाला साखळीने बांधलेला होता. जिनिव्हातल्या एका मठाचा प्रमुख, पण जिनिव्हा सावॉयच्या हाताखाली जाऊ नये म्हणून झगडणारा. 1530 मध्ये पकडला गेला. पहिली दोन वर्षं वरच्या मजल्यावर बरी गेली, पुढची चार खाली, या खांबाशी. 1536 मध्ये बर्नवाल्यांनी सोडवला.

पुढे 1816 मध्ये बायरन आणि शेली हे इंग्रज कवी नावेतून सरोवराची फेरी मारायला निघाले, तेव्हा इथे आले आणि बायरनने या कैद्यावर दीर्घकविता लिहिली. तिच्यात कैद्याचे भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत मरतात. खऱ्या बोनिव्हारचं तसं काही झालं नाही. तो सुटल्यावर जिनिव्हात राहिला, शहराचा इतिहास लिहिला, चार लग्नं केली आणि 1570 मध्ये म्हातारा होऊन गेला. मला कवीच्या कैद्यापेक्षा हा चार लग्नांचा इतिहासकार जास्त आवडतो. बायरनचं म्हणून दाखवलं जाणारं नाव एका खांबावर कोरलेलं आहे, आणि ते खराब होऊ नये म्हणून त्यावर काच बसवलीय. गडावर बदामात नावं कोरणाऱ्या पोरांचे कान उपटणाऱ्या शिक्षिकेला ती काच दाखवा आणि काय म्हणतात ते मला जरूर कळवा. आजूबाजूला इतरांचीही नावं आहेत. त्यांना काच नाही.

याच तळघरात आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती माहितीच्या पत्रकात वाचताना डोळ्यांखालून सहज निसटते, आणि तुम्ही बाझलच्या आहात म्हणून मी ती मुद्दाम लिहितेय. 1348 मध्ये प्लेग या बाजूला आला तेव्हा विहिरींत विष कालवल्याचा आळ ज्यूंवर घेतला गेला. व्हिलनव्ह आणि आसपासच्या ज्यूंना त्या सप्टेंबरात शियोंला आणलं, यातना दिल्या आणि हवे तसे कबुलीजबाब लिहून घेतले. त्या जबाबांच्या नकला शियोंहून स्ट्रासबुर्गच्या कारभाऱ्यांना पाठवल्या गेल्या. विषाची ती गोष्ट ऱ्हाइनकाठच्या शहरांत पसरली, आणि 9 जानेवारी 1349 ला बाझलने आपल्या ज्यूंना जाळलं. फेब्रुवारीत स्ट्रासबुर्गने. किल्ल्यातून काय निघालं याचा हिशेब करायचा तर कवितेच्या आधी हे कागद येतात. आत्या इतिहासाच्या आहेत, त्यांच्यापासून हे लपवू नका. बाझलला परतल्यावर ऱ्हाइनच्या काठाने फिरायला न्याल तेव्हा त्यांच्याशी बोलायला विषय असेल.

वरच्या मजल्यांवर दोन ठिकाणं चुकवू नका. एक काउंटची खोली, जिच्या भिंतींवर चौदाव्या शतकातली चित्रं अजून पुसट दिसतात, झाडं आणि जनावरं. डोळे सरावायला मिनिटभर द्या. दुसरं ठिकाण शौचकूप. हसू नका. आपल्या गडांवर शौचकूप दाखवताना मंडळी लाजतात, इथे रीतसर पाटी आहे. लाकडी फळी, तिला भोकं, आणि खाली थेट सरोवर. आमचे चुलतसासरे इथे बराच वेळ वाकून बघत होते. शेवटी म्हणाले, "भरती-ओहोटी नाही इथे, मग कसं व्हायचं?" समुद्रकाठच्या माणसाचा सवाल. माझ्याकडे उत्तर नव्हतं, तिथल्या पहारेकऱ्याकडेही नव्हतं.

गुडघ्यांचं : चढ शिवनेरीच्या मानाने नगण्य, पण पायऱ्या सारख्या येतात. थोड्या वर, थोड्या खाली, पुन्हा वर, कुठे दगडी, कुठे लाकडी, उंची एकीची दुसरीशी जुळत नाही. चौकांत गोटे बसवलेले आहेत, ओल्या दिवशी पाय घसरतो. बूट हवेत, चपला नकोत, आणि काठी असेल तर आणाच. मधला उंच मनोरा आपल्या बालेकिल्ल्याच्या जागी. त्याचा जिना अरुंद नि उभा. वरून सरोवर छान दिसतं, पण खालच्या खिडक्यांतूनही तेच सरोवर दिसतं, तेव्हा आत्यांनी तो सोडला तरी काही बिघडत नाही. तुम्ही चढून या, त्या चौकात बसतील. एकूण दोन तास धरा. इतिहासाच्या बाई म्हणजे तीन.

बाझलहून लोझानमार्गे माँत्रोपर्यंत गाडीने अडीच-तीन तास जातात. पुढे 201 नंबरची बस किल्ल्याच्या दारात सोडते. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर प्रवेशाचं तिकीट काढावं लागत नाही. बंद होण्याच्या तासभर आधी आत सोडणं थांबतं, हे लक्षात ठेवा.

आता संकष्टी. किल्ल्यावर उपासाचं काही मिळेल या भरवशावर राहू नका. साबुदाण्याची खिचडी डब्यात, शेंगदाण्याचा लाडू, आणि जुलै आहे म्हणून वाटेत व्हालेचे जर्दाळू घ्या. सरोवराच्या या टोकापलीकडे जर्दाळूच्या बागाच बागा आहेत आणि त्या दिवसांत ते रस्त्याकडेला विकायला असतात. काठावर बाकं आहेत, तिथे बसून खा. दिनदर्शिकेत छापलेली चंद्रोदयाची वेळ महाराष्ट्रातल्या गावांची असते, ती इथे चालत नाही. इथे उन्हाळ्यात सूर्यच रात्री नऊनंतर मावळतो आणि चतुर्थीचा चंद्र त्याहून बराच उशिरा. बाझलची वेळ आधी बघून ठेवा आणि परतीची गाडी त्या हिशेबाने पकडा. चंद्र डोंगरांच्या मागून येईल म्हणून माँत्रोत थांबायचा मोह होईल. तिथे डोंगर इतके जवळ आहेत की चंद्र उगवून गेला तरी दिसायला वेळ लागतो. एकोणसत्तरीच्या बाईंना उपाशी ताटकळवू नका.

राहता राहिला नवऱ्याचा मुद्दा. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला किल्ला कशाला? मला उलट वाटतं. ज्यांनी एकही गड नीट पाहिलेला नाही त्यांना शियों म्हणजे परीकथेतलं चित्र. तटात कुठे माणूस उभा राहील, पाणी कुठून आणत असतील, धान्य कुठे साठवत असतील, हे विचारायची सवय ज्यांना आहे त्यांच्याशीच हा किल्ला बोलतो. ऑडिओ गाइड तुम्ही घ्या, आत्यांना देऊ नका. त्यांना बघू द्या, मग तुलना करा. कितीतरी गोष्टी त्या मशीनच्या आधी सांगतील.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको मुलाकडे लोझानला जातोय. मला शियों बघायचाय, हिला माँत्रोतला फ्रेडी मर्क्युरीचा पुतळा. एका दिवसात दोन्ही होईल का? – ठाण्याचे वाचक

उत्तर : आरामात, आणि आधी वहिनींचं. पुतळा माँत्रोच्या बाजारचौकाशी, अगदी पाण्यालगत आहे. तीन मीटर उंच, मूठ वर, तोंड सरोवराकडे. 1996 मध्ये बसवला. क्वीन या बँडने 1979 मध्ये इथल्या कॅसिनोतला स्टुडिओ विकत घेतला होता, आणि फ्रेडीने शेवटच्या काळातलं गाणं इथे ध्वनिमुद्रित केलं. त्याचं शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये झालं, हे वहिनींना माहीत असेलच. तुम्हाला नसेल तर गाडीत बसायच्या आधी विचारून घ्या, नाहीतर दिवसभर ऐकाल. पुतळ्यापासून किल्ल्यापर्यंत काठाने फुलझाडांची पायवाट आहे, रमतगमत तासाभराची, पूर्ण सपाट. एका वळणानंतर किल्ला अचानक पुढे येतो. फोटो त्याच बाजूने चांगला येतो. येताना बस किंवा बोट.

प्रश्न : वडील व्हीलचेअरवर आहेत. शियों त्यांना दाखवता येईल का? – झुरिक

उत्तर : आतून, नाही. पूल ओलांडून पहिल्या चौकापर्यंत कसंबसं जमेल, पुढे सगळ्या पायऱ्या आहेत आणि त्यांना पर्याय नाही. चौघांनी उचलून न्यायचा बेत करू नका. वडिलांनाही ते आवडणार नाही. त्याऐवजी उन्हाळ्यात व्हवे किंवा माँत्रोहून शियोंकडे जाणारी बोट घ्या. किल्ल्याची राहायची बाजू, त्या कमानदार खिडक्या, बोटीवरूनच नीट दिसतात. आत जाणाऱ्यांना त्या बाहेरून दिसतही नाहीत. काही बोटी शंभरीच्या पुढच्या, चाकांच्या आहेत. त्यांचं वाफेचं इंजिन मधोमध उघडं ठेवलंय, पितळ चकाकतंय, दट्टे वर-खाली होताहेत. वडिलांना यंत्रांची आवड असली तर किल्ला बाजूला राहील. सगळ्या बोटी तशा नसतात, तेव्हा त्या दिवशी कोणती बोट आहे आणि व्हीलचेअर कुठून चढवायची, हे दोन्ही आदल्या दिवशी फोन करून विचारा. आणि उजव्या-डाव्या बाजूवरून घरात भांडण नको म्हणून सांगते : माँत्रोहून जाताना किल्ला डाव्या हाताला.